शेतमालाचे नाव आणि त्याची राखण

चैत्र-वैशाखात मुंबईच्या घाऊक बाजारात हापूस आंब्याच्या ज्या पेट्या उतरतात, त्यांपैकी पुष्कळांवर देवगड अथवा रत्नागिरी हे नाव छापलेले असते. आतील फळ खरोखर त्या मातीतले आहे की काय, हे मात्र पेटी पाहून कळत नाही. कर्नाटकात पिकलेला, रंगरूपाने बराच सारखा दिसणारा आंबा देवगडच्या नावाने खपविला जातो, ही कोकणातील बागाईतदारांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. यात कर्नाटकातील शेतकऱ्याचा दोष आहे असे नव्हे. त्याने आपले फळ आपल्या गावाच्या नावाने विकले तर त्यास कोण हरकत घेणार? दोष मधल्या मध्ये नाव बदलणाऱ्याचा. गिऱ्हाईक देवगडचा भाव देते, त्यास देवगडचा स्वाद मिळत नाही, आणि पुढील हंगामात ते खऱ्या देवगडच्या पेटीकडेही संशयाने पाहू लागते. कलमे ज्याने लावली व मोहोर ज्याने राखला, त्याच्या नावाची कमाई अशा रीतीने परक्याच्या पदरी पडते.

हा प्रश्न आंब्यापुरता नाही. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, लासलगावचा कांदा, नागपूरची संत्री या सर्वांच्या नावास बाजारात किंमत आहे. शिवाय अलीकडे पुष्कळ शेतकरी व त्यांच्या उत्पादक कंपन्या स्वतःच्या छापाने तांदूळ, काकवी, तेल, मध, लोणची विकू लागल्या आहेत. नावास किंमत आली की ते चोरणाराही येतो. म्हणून नाव कोणाचे, ते राखावयाचे कसे, आणि कायदा कोठपर्यंत साथ देतो, हे जमीनधारकाने सातबारा समजून घ्यावा तितक्याच कसोशीने समजून घेतले पाहिजे.

प्रथम कायद्याचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. इंग्लंडात व्यापारचिन्हांचे नोंदणीपुस्तक १८७६ साली उघडले, व त्यात बास नावाच्या बिअर करणाऱ्या कंपनीचा लाल त्रिकोण पहिला नोंदला गेला. आपल्याकडे १८८९ साली खोट्या व्यापारी खुणांविरुद्ध कायदा झाला. परंतु त्यात खोटी खूण लावणारास शिक्षा होती, खुणेची नोंद करण्याची सोय नव्हती. त्या काळी मुंबईतील व्यापारी आपल्या छापाचे प्रतिज्ञापत्र दस्तऐवजाप्रमाणे नोंदवीत आणि वर्तमानपत्रात इशारा छापीत. वाद कोर्टात गेला म्हणजे, हा छाप आपणच इतकी वर्षे वापरीत आलो व लोक तो आपलाच म्हणून ओळखतात, हे प्रत्येक वेळी नव्याने शाबीत करावे लागे. ही अडचण १९४० च्या कायद्याने दूर केली. तो १९४२ पासून अमलात आला. त्याची जागा १९५८ च्या कायद्याने घेतली, व सध्या चालू आहे तो १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याच दिवशी दुसराही एक कायदा लागू झाला. तो मालाच्या भौगोलिक नावांचा, ज्यास लोक 'जी. आय.' म्हणतात. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात असे कलम आहे की, जे भौगोलिक नाव मूळ देशातच कायद्याने राखलेले नाही, ते राखण्यास दुसरे देश बांधलेले नाहीत. अर्थात घरी कुंपण नसता परक्या मुलखात दाद मागण्याची सोय उरत नव्हती, व हा कायदा करणे भाग पडले.

या दोन कायद्यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण आमच्या शेतकऱ्यांचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. व्यापारचिन्ह ही एका मालकाची मिळकत होय. तो ते वापरील, विकील, दुसऱ्यास परवान्याने देईल. भौगोलिक नाव हे त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे सामाईक आहे, गावच्या गायरानासारखे. ते कोणास विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्याने भाड्याने देता येत नाही. आणि गायरानावर जसे कोणी एकाने कुंपण घालू नये, तसे भौगोलिक नावही कोणा एकास आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येत नाही.

म्हणून जो शेतकरी आपल्या गुळास 'कोल्हापुरी' एवढेच नाव देऊन तो शब्द आपल्या एकट्याच्या मालकीचा करू पाहतो, त्याचा अर्ज बहुधा फुकट जातो. स्थळाचे नाव, मालाचा गुण सांगणारे नाव, मालाची जात सांगणारे नाव ही सर्वांच्या वापरासाठी मोकळी राहिली पाहिजेत, हे कायद्याचे धोरण आहे. 'सिमला' हे नाव सिगारेटीसाठी नोंदून मिळावे म्हणून एका मोठ्या तंबाखू कंपनीने खटपट केली होती. सिमल्यास तंबाखू पिकत नसतानाही कलकत्त्याच्या हायकोर्टाने १९७७ साली ते नाकारले, कारण प्रसिद्ध स्थळाचे नाव एकास देणे योग्य नव्हे. खाद्यतेलाच्या एका वादात, 'लो अॅब्सॉर्ब' म्हणजे तेल कमी शोषले जाते असे सांगणारे शब्द, ते एका कंपनीच्या मक्त्याचे होऊ शकत नाहीत, असे दिल्ली हायकोर्टाने २०१० साली म्हटले. आता आमच्या बाजारात पाहा: 'शुद्ध', 'गावरान', 'सेंद्रिय', 'घाण्याचे' हीच नावे जो तो लावतो. असे नाव गिऱ्हाइकास माल काय आहे ते सांगते, कोणाचा आहे ते सांगत नाही. शेजाऱ्याने उद्या तेच शब्द लावले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

देवादिकांच्या नावांची गोष्टही अशीच. आमच्याकडे छाप म्हटला की ग्रामदैवताचे अथवा एखाद्या पोथीचे नाव प्रथम सुचते, व ते साहजिकच आहे. परंतु 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याचे व्हावे, ही मागणी सुप्रीम कोर्टाने २०१५ साली मान्य केली नाही. पवित्र ग्रंथाचे नुसते नाव कोणा एकाचे होऊ शकत नाही. त्यास दुसरे शब्द अथवा चित्र जोडून वेगळेपण आणले तर गोष्ट निराळी. भक्तीने नाव द्यावयाचे असल्यास खुशाल द्यावे, पण त्याच्या भरवशावर धंद्याची इमारत उभारू नये. मालाशी काहीच संबंध नसलेला, स्वतः जुळविलेला शब्द सर्वांत भक्कम. पहिली दोन वर्षे तो परका वाटतो, गिऱ्हाइकास पुनःपुन्हा सांगावा लागतो. परंतु एकदा रुजला म्हणजे त्यावर दुसऱ्याचा हक्क पोचत नाही.

नाव भक्कम असले तरी नक्कल करणारा तेच नाव जसेच्या तसे क्वचितच उचलतो. तो जवळपास जातो. या बाबतीत १९७२ चा पार्ले बिस्किटांचा खटला शेतकऱ्याने मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतावरच्या अंगणाचे चित्र होते: मध्ये बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई व कोंबड्या, मागे घर आणि झाडे. म्हैसूरच्या एका कारखानदाराने आपल्या बिस्किटांच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा व हाती विळा घेतलेली मुलगी काढली, भोवती गाई व कोंबड्या होत्याच. प्रतिवादीचे म्हणणे असे की, चित्रे निरनिराळी आहेत. सुप्रीम कोर्टाने उत्तर दिले ते असे: दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून भेद मोजावयाचे नाहीत. गिऱ्हाईक दुकानात जाते तेव्हा पहिले वेष्टन त्याच्यापुढे नसते. त्याच्या मनात एकंदर ठसा तेवढा असतो. त्या ठशाने फसगत होण्याजोगी असेल तर नक्कल ठरली. निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

याहून जुना व आम्हांस अधिक उपयोगी निकाल 'अमृतधारा' औषधाचा आहे. अमृतधारा १९०३ पासून प्रसिद्ध होती. 'लक्ष्मणधारा' नावाचे तशाच प्रकारचे औषध १९२३ पासून निघाले. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले की, सामान्य बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला खेड्यातील माणूस शब्दांचे अर्थ सोडवीत बसत नाही. एकंदर नाद सारखा वाटला की त्याची गफलत होते, म्हणून ही दोन नावे फसवणूक होण्याइतकी सारखी आहेत. येथवर अमृतधारेचा जय झाला असे वाटेल. परंतु लक्ष्मणधारा उघडपणे विकली जात असता अमृतधारेचे मालक वर्षानुवर्षे स्वस्थ राहिले होते. तेवढ्या एका कारणास्तव लक्ष्मणधारेस उत्तर प्रदेश राज्य, एवढ्या प्रदेशापुरती नोंद मिळाली. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांचेही असेच झाले. बंगलोरच्या एका कारखान्याची 'पीटर स्कॉट' नावाची दारू १९६८ पासून निघत होती. स्कॉच संघास ती १९७४ साली समजली, आणि नोंद रद्द करण्याचा अर्ज त्याने १९८६ साली केला. २००८ साली सुप्रीम कोर्टाने त्याविरुद्ध निकाल दिला, व त्यात हा विलंब फार जड गेला. एवढा श्रीमंत संघ जेथे बारा वर्षांच्या आळसाने हरला, तेथे 'बघू पुढल्या हंगामात' म्हणणाऱ्या आमच्या तालुका संस्थांची काय कथा?

छापाची सत्ता किती दूर पोचते, हेही जाणून असावे. कर्नाटकातील दूध उत्पादकांच्या सहकारी महासंघाचा 'नंदिनी' छाप १९८५ पासून चालू आहे. बंगलोरच्या एका उपाहारगृहाने १९८९ पासून 'नंदिनी डिलक्स' हे नाव वापरले व पुढे खाद्यपदार्थांसाठी नोंद मागितली. महासंघाने विरोध केला. खालच्या न्यायाधिकरणात व हायकोर्टात महासंघ जिंकला; परंतु २०१८ साली सुप्रीम कोर्टाने निकाल फिरविला. दूध व दुधाचे पदार्थ वगळून इतर मालासाठी उपाहारगृहास नोंद देण्यास हरकत नाही, कारण नंदिनी हे पुराणातील गाईचे नाव, महासंघाने बनविलेला शब्द नव्हे, आणि दोघांची चित्रे व माल वेगळा आहे. लाखो गवळ्यांच्या घामाने मोठे झालेले नाव, तरीही त्याचे कुंपण दुधाभोवतीच पडले. माझ्या मते निकाल न्यायाचाच आहे. मात्र ज्या संस्थेस पुढे लोणी, मिठाई, पाव असे धंदे वाढवावयाचे असतील तिने त्या त्या वर्गांत आधीच अर्ज करून ठेवावा व वापर सुरू करावा, हा धडा त्यातून निघतो. नोंदवून न वापरलेले नावही टिकत नाही. सुमारे पाच वर्षे वापर नसल्यास कोणीही ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो.

आता सामाईक नावाकडे वळू. दार्जिलिंगचा चहा हे भारतात नोंदलेले पहिले भौगोलिक नाव. त्यापूर्वीही चहा मंडळाने प्रमाणचिन्ह नोंदवून त्याची राखण केली होती. महाराष्ट्रात नाशिकची द्राक्षे, नागपूरची संत्री, कोल्हापूरचा गूळ यांच्यामागून २०१६ साली तर लासलगावचा कांदा, सोलापूरचे डाळिंब, जळगावची केळी, मंगळवेढ्याची ज्वारी अशा अनेक नावांस प्रमाणपत्रे मिळाली. हापूसला ते २०१८ साली मिळाले, व त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत.

प्रमाणपत्र मिळाले की सत्कार होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्र येते, व कागद संस्थेच्या भिंतीवर चढतो. खरे काम त्यानंतरचे. प्रमाणपत्र संस्थेच्या नावे असते. ज्या शेतकऱ्यास ते नाव व चिन्ह आपल्या पेटीवर कायदेशीर हक्काने लावावयाचे, त्याने स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात नाव दाखल केले पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीने या अर्जाची फी पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणली आहे. दहा रुपयांत आता चहाचा पेलाही धड येत नाही. तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही. अधिकृत वापरकर्त्यास खोटे नाव लावणाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागता येते, व खोटे भौगोलिक नाव लावणे हा गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारचिन्हाच्या नकलेसही शिक्षा हीच.

परंतु पोलिसांनी पेटी धरली तरी आतला आंबा कोठचा, हे सिद्ध कसे करावयाचे? येथे कायदा संपतो व बागाईतदाराची वही सुरू होते. कोणत्या बागेतून किती पेट्या, कोणत्या तारखेस, कोणत्या दलालाकडे गेल्या याची नोंद नसेल तर खरा माल व खोटा माल कोर्टापुढे सारखेच. देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर क्रमांकाचे चिकटपत्र लावण्याची व्यवस्था काढली; काढू गेल्यास ते फाटते, व त्यावरील क्रमांकाने फळ कोणत्या बागाईतदाराचे हे तपासता येते. चिकटपत्रे बागेतील कलमांच्या संख्येच्या मानाने द्यावयाची, हे यातील मर्म. कारण अप्रिय असले तरी हे लिहिणे भाग आहे की, बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरणारे सर्वच परके नसतात. स्वतःची दोनशे पेटी झाली असता पाचशे पाठविणारा गाववाला बागाईतदार हा नावाचा पहिला शत्रू आहे, व त्याच्याविरुद्ध संस्थेच्या सभेत उभे राहण्यास फारसे कोणी धजत नाही. दलालावर फिर्याद करणे त्यामानाने सोपे.

बियाण्याविषयी एक गोष्ट ओघाने सांगतो. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. मात्र ते संरक्षित वाणाचे आहे असे दर्शविणारे नाव व वेष्टन लावून छापाचे बियाणे म्हणून विकता येत नाही. सुटे बी विकावे, छापील पिशवी शिवू नये.

स्वतःचा छाप नोंदविण्याची रीत कठीण नाही. माल वर्गांत विभागला आहे: ताजी फळे, भाजीपाला, न कुटलेले धान्य व बी एकतिसाव्या वर्गात, तांदूळ, पीठ, साखर, मध, मसाले तिसाव्यात, तेल, दुधाचे पदार्थ, टिकविलेली फळे एकोणतिसाव्यात. प्रत्येक वर्गाची फी निराळी. व्यक्ती, नवउद्योग व लहान उद्योग यांस संगणकावरून अर्ज केल्यास साडेचार हजार रुपये, इतरांस नऊ हजार. अर्जापूर्वी नोंदणीपुस्तकात तसेच नाव आधी कोणाचे आहे काय, याचा शोध घ्यावा. तो फुकट घेता येतो. अर्ज पसंत झाल्यावर तो व्यापारचिन्हांच्या जर्नलात प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर चार महिन्यांत कोणासही हरकत घेता येते. नोंद अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते व दर दहा वर्षांनी वाढविता येते. नोंद हाती येईपर्यंत वर्तुळातील 'आर' हे अक्षर वेष्टनावर छापू नये. नोंद नसता ती आहे असे दाखविणे दंडास पात्र आहे. नोंदणी न केलेला माणूस अगदी निराधार असतो असे मात्र नाही. पूर्वापार वापर व लौकिक सिद्ध करता आला तर, दुसरा आपला माल माझा म्हणून खपवितो अशी फिर्याद त्यास करता येते, आणि पूर्वीपासून वापरणाऱ्यास नंतरचा नोंदणीवालाही हुसकू शकत नाही. त्यासाठी पहिल्या वर्षापासूनची बिले, वेष्टनांचे नमुने, जाहिराती व मालाच्या पावत्या तारखेवार जपून ठेवाव्या.

जेथे गावचे पन्नास शेतकरी मिळून एक छाप चालविणार असतील तेथे तो कोणा एका उत्साही सभासदाच्या नावे नोंदवू नये. आज तो सर्वांचा असतो, उद्या वाटण्या होतात, नाव त्याच्या मुलांकडे जाते व संस्था उघड्यावर पडते. समुदायचिन्ह म्हणून संस्थेच्याच नावे अर्ज करावा, व कोणता सभासद कोणत्या प्रतीच्या मालावर ते लावील याचे नियम अर्जासोबत द्यावे.

जर्नल दर सोमवारी निघते व ते कोणासही पाहता येते. तालुका संस्थेच्या चिटणिसाने आठवड्यातून अर्धा तास त्यावर नजर फिरविली, तर आपल्या नावासारखे नाव मागणारा अर्ज चार महिन्यांच्या आत ध्यानात येईल. ज्या संस्थांस भौगोलिक प्रमाणपत्रे २०१६ साली मिळाली त्यांनी आणखी एक करावे: नोंदीची दहा वर्षे प्रमाणपत्राच्या दिवसापासून नव्हे, अर्जाच्या दिवसापासून मोजतात, आणि अर्ज त्याआधीचे आहेत. मुदत वाढविली आहे की नाही, हे दप्तर उघडून याच महिन्यात पाहावे.